कान क्रमांक एक

अनुजा मगदूमच्या ॲपला गिऱ्हाइकं होती अकरा हजार, आणि ते वापरणारी माणसं होती दोन लाख. मधली एक लाख एकोणनव्वद हजार कोण, हे वेगळं सांगायला नको. फुकट्यांची जत्रा नुसती.

ॲपचं नाव 'कानोसा'. साल २०३४. तोवर पाचशे रुपयांच्या इअरबडलाही आतल्या बाजूला, म्हणजे कानाच्या पोकळीकडे तोंड करून, एक बारकासा माइक यायला लागला होता. कंपन्यांनी तो गाणी चांगली ऐकू यावीत म्हणून बसवला होता. अनुजानं त्याला वेगळ्याच कामाला लावलं. इअरबड कानात घालून 'कानोसा' चालू केलं की ते दोन मिनिटांत तुमचा कान मोजायचं, कुठले आवाज कमी येतात ते हेरायचं आणि नेमके तेवढेच वाढवून कानात सोडायचं. डॉक्टरकडच्या यंत्राला पन्नास-साठ हजार मोजावे लागत. इथं एकदाच बाराशे. ज्यांना समोरच्याचे नुसते ओठ हललेले दिसायचे, त्यांना तो काय बोलतोय ते कळायला लागलं.

मिरजेत स्टेशन रोडला रेश्मा मुजावरचा कान-तपासणीचा दवाखाना होता. त्याच्यावरची एक खोली म्हणजे यांचं ऑफिस. कंपनीत माणसं दोनच. अनुजा कोड लिहायची, रेश्मा कानांचं शास्त्र बघायची. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, त्यामुळं भांडायला कारण लागत नसे. ॲपमधून बोलणारा आवाजसुद्धा अनुजाचाच. बाहेरून कुणाला आणायची ऐपत नव्हती, म्हणून तिनं खिडकी लावून, डोक्यावरून रजई घेऊन तो रेकॉर्ड केला होता. मे महिन्यात. घामानं नुसती न्हाली होती.

हा सगळा उद्योग तिनं मांडला तो वडिलांपायी. आप्पा, म्हणजे भुजगोंडा मगदूम, साखर कारखान्याच्या मोठ्या गेटवर एकतीस वर्षं जमादार होते, सुटणाऱ्या कामगारांची झडती घ्यायचं काम त्यांचं. गाळपाचा हंगाम आला की गिरणीची घरघर चोवीस तास, आणि डोक्यावर भोंगा. निवृत्त होईपर्यंत त्यांचे दोन्ही कान निम्मे गेले होते. 'कानोसा'नं मोजलेला पहिला कान त्यांचाच. त्या दिवशी ते अंगणात उभे राहून बराच वेळ चिमण्या ऐकत होते आणि मग म्हणाले, "ह्या अजून हाईत व्हय?"

तर चोरी. ॲप चोरायचं म्हणजे काही घरफोडी करायची नसते. कुणीतरी एक प्रत विकत घेतो, तिच्यातला पैसे भरलेत का हे तपासणारा तुकडा काढून टाकतो आणि उरलेलं ॲप गावाला वाटतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दोनशे रुपयांत टाकून मिळतं. अनुजानं चार वर्षांत सगळे उपाय करून पाहिले. आधी सभ्यपणा केला. चोरीच्या प्रतीत एक ओळ दिसेल अशी सोय केली, 'हे ॲप दोन बायकांनी कष्टानं बनवलंय, आवडलं तर विकत घ्या.' त्यावर लोकांनी हसरे चेहरे पाठवले. मग ती वाटणाऱ्या चॅनेलांना नोटिसा धाडत बसली. एक चॅनेल बंद पडायचं, संध्याकाळी तीन नवी उघडायची. मग दर वेळी इंटरनेटवरून खात्री करून घ्यायचं ठरवलं, तर जत-आटपाडीकडं रेंज नसल्यामुळं पैसे भरलेलीच माणसं अडकून पडली आणि चोरांनी तो तुकडा दोन दिवसांत छाटला. मग तिनं कोड असा काही गुंतवून ठेवला की महिन्याभरानं तिचा तिलाच तो उलगडेना. किंमतही निम्मी करून पाहिली. फुकट हवं असणाऱ्याला निम्मी काय आणि पाव काय.

एवढंही एक वेळ सोसलं असतं. पण हे लोक वर तक्रारी करायचे. 'आवाज खरखरतोय, लवकर दुरुस्त करा नाहीतर एक स्टार देईन,' म्हणून दमात घ्यायचे, आणि नोंद तपासावी तर प्रत चोरीची. दहातल्या आठ तक्रारी असल्या. त्यामुळं अनुजाला एक सवय लागून गेली. तक्रार आली की काय बिघडलंय हे ती बघायचीच नाही, आधी बघायची पैसे भरलेत का.

कुलपाची कल्पना सुचली ती रेश्माच्या दवाखान्यात. रेश्मा एका तान्ह्या बाळाचा कान तपासत होती. आता इथं थोडं शास्त्र आलं, पण ते मजेशीर आहे. आपला कान नुसता ऐकत नाही, तो बोलतोही. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाज आला की त्या हलतात, इतक्या जोरात हलतात की त्यांचा स्वतःचा एक पुसट आवाज तयार होऊन उलटा बाहेर येतो. कानात टिक असा ठोका सोडला की काही हजारांश सेकंदांनी आतून ओ आल्यासारखा प्रतिसाद येतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण संवेदनशील माइक तो पकडतो. बाळ बोलू शकत नाही, तेव्हा त्याला ऐकू येतं की नाही हे डॉक्टर यावरूनच ठरवतात.

"आणि प्रत्येकाची ओ वेगळी असते बरं का," रेश्मा बाळाला आईकडे देत म्हणाली. "अंगठ्यासारखी."

अनुजा तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "रेश्मा, आपलं कुलूप मिळालं."

कल्पना साधीच होती. विकत घेताना, किंवा जुनं गिऱ्हाईक असेल तर नवी आवृत्ती टाकताना, ॲप तुमच्या कानाची ओ टिपणार आणि तिचीच किल्ली बनवणार. आवाज दुरुस्त करणारा ॲपचा सगळा मेंदू त्या किल्लीनं बंद. तपासणारा तुकडा छाटून उपयोगच नाही, कारण किल्ली कोडमध्ये नाहीच. ती मालकाच्या कानात आहे. कान काही दुकानात टाकून मिळत नाही.

त्यांनी चाळीस कानांवर सहा आठवडे चाचणी घेतली. नर्सिंगच्या मुली, रेश्माचे विद्यार्थी, खालचा औषधवाला. एकदाही कुलूप चुकलं नाही.

"वर्षभर बघूया," रेश्मा म्हणाली. "हे सगळे धडधाकट कान आहेत गं."

"वर्षभरात आणखी लाखभर चोर होतील. तू थांबायला सांग त्यांना."

कुलूप लागलं. ओ जुळली नाही तर काय बोलायचं, ते वाक्य अनुजानं पुन्हा रजईत शिरून रेकॉर्ड केलं. चार वेळा केलं, कारण पहिल्या तीन वेळा ते पुरेसं कडक वाटत नव्हतं. 'हा कान या ॲपच्या मालकाचा नाही. ही प्रत चोरीची आहे.' आणि हे वाक्य इअरबडमध्ये न जाता फोनच्या मोठ्या स्पीकरवरून, पूर्ण आवाजात वाजेल अशी व्यवस्था केली.

"कानात सांगितलं तर नाही का चालणार?" रेश्मानं विचारलं.

"चोराला कानात सांगून काय फायदा? चार माणसांत कळू दे."

कुलूप चाललं. चोरी जवळजवळ थांबली. चॅनेलांवर नुसती रडारड. नव्या 'कानोसा'ची चालती प्रत कुणाकडंच नव्हती, आणि जुन्या प्रती नव्या फोनांवर धड चालत नव्हत्या. विक्री वर्षभरात दुपटीच्या वर गेली. बेंगळुरूची एक मोठी कंपनी ते कुलूपच विकत घ्यायला तयार झाली. त्यांना ते स्वतःच्या सगळ्या ॲपांना लावायचं होतं. तक्रारी येत राहिल्या, 'माझाच कान असून ॲप उघडत नाही' अशा. अनुजानं त्यांच्यासाठी एक ठरीव उत्तर लिहून ठेवलं आणि एक बटण दाबून ती ते पाठवून द्यायची. तिच्या मते चोरांनी आता नवा सूर लावला होता, एवढंच.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती कारखान्याच्या वसाहतीत आई-आप्पांकडं गेली. बरेच महिने जाणं झालं नव्हतं. फोनवर आईच बोलायची, आणि आप्पा कुठायत विचारलं की "हाईत, बाहेर गेल्यात," एवढंच सांगायची. आज आप्पा घरात होते. पेपर वाचत बसले होते. "आलीस?" म्हणाले आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

"कट्ट्यावर नाही गेलात?" अनुजानं विचारलं. कारखान्याच्या गेटसमोर लिंबाखाली निवृत्त कामगारांचा कट्टा होता. पाच वाजले की आप्पांचा पाय घरात ठरत नसे.

"न्हाई." एवढं बोलून ते उठले आणि मागच्या दारानं कालव्याकडं निघून गेले.

जाताना फोन चार्जिंगलाच राहिला. त्याच्यावर 'कानोसा'चं चित्र दिसत होतं, पण हिरवं. नव्या, कुलूपवाल्या आवृत्तीचं निळं होतं. हिरवं तिनं कुलूप लावलं तेव्हाच बंद केलं होतं. अनुजानं सहज म्हणून उघडलं. वरच पिवळ्या अक्षरांत पट्टी आली: 'मोफत महाराजांची भेट. आणखी ॲपसाठी चॅनेलला या.'

अनुजाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. या मोफत महाराजाला तिनं सतरा नोटिसा पाठवल्या होत्या.

"आई, हे काय आहे? आप्पांच्या फोनवर चोरीचं 'कानोसा'? माझ्या बापाच्या फोनवर?"

आई भाकरी थापत होती. हात थांबले. "तुला सांगू नको म्हटलं हुतं त्यांनी."

"काय सांगू नको म्हटलं होतं?"

आईनं तवा खाली उतरवला. मग बोलली. "दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. कट्ट्यावर बसले हुते सगळे. लोहार, खोत, सगळेच. ह्यांनी कानात ते घातलं आणि फोन चालू केला, तर फोन बोलला, ही चोरीची हाय म्हणून. केवढ्यानं बोलला. गेटवरच्या पोरांनी पण ऐकलं. पुन्यांदा लावलं, पुन्यांदा तेच. तो शंकर लोहार हसत म्हणाला, जमादार, एकतीस वरसं आमची झडती घेतलीसा, आज तुमची निघाली. झालं. तवापासनं कट्टा बंद."

अनुजा खालीच बसली.

"आणि आवाज तुझा," आई म्हणाली. "आधी तर हे खूश झाले हुते. अनू बोलतीया, म्हणाले."

अर्ध्या तासानं आप्पा परत आले. अनुजानं फोन त्यांच्यापुढं धरला. "आप्पा, हे चोरीचं आहे."

"ठावं हाय."

"मग?"

"तुझ्या यंत्रानं चार माणसांत चोर म्हटलंच हुतं. नाव पडलंच हाय, तर चोरीचंच घेऊ म्हटलं. इस्लामपुरात मिळालं. चालतंय की. बातम्या कळत्यात."

"मला सांगायचं नाही का?"

आप्पांनी फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि तिच्या हातात परत दिला. तक्रारीचं पान होतं. 'माझा कान माझाच आहे. कृपया एकवार तपासावे. गैरसमज झाला असावा. आपला, भु. आ. मगदूम, निवृत्त जमादार.' खाली उत्तर: 'प्रिय वापरकर्ते, आमच्या नोंदीनुसार हा कान खरेदीदाराचा नाही. चोरीच्या प्रतीला आम्ही मदत करत नाही.' तीन दिवसांनी आप्पांनी पुन्हा लिहिलं होतं. पुन्हा तेच उत्तर.

तिनं सहीपर्यंत वाचलंच नव्हतं. पहिली ओळ बघितली आणि बटण दाबलं. दोन्ही वेळा.

"चुकलं आप्पा," ती म्हणाली.

आप्पा खुर्चीत बसले. रागावलेले दिसत नव्हते. राग असता तर बरं, असं तिला वाटलं. "गेटवर त्यो दिव्याचा डबा हुता, आठवतोय का तुला?" ते म्हणाले. "सुट्टी झाली की परत्येकानं बटण दाबायचं. हिरवा लागला की घरला, तांबडा लागला की झडती. तांबडा कुणालाबी लागायचा. मॅनेजरला पण लागायचा. एकतीस वरसात मी तांबडा लागलेल्याला एकच बोललो, जरा थांबा. मागनं केबिनमधी नेऊन पडदा वडायचा, मग झडती. कुणाच्या डब्यात पितळंचा नट घावला तरी त्याला मागच्या दारानं काढायचो. रांगेत कुणाला कळायचं न्हाई. हजारात एखादा चोर असतोय अनू. बाकीच्यांनी मान वर करून घरला जायला पायजे का नको?"

अनुजाला तिथं बसवेना. ती त्याच संध्याकाळी मिरजेला परतली.

सोमवारी सकाळी तिनं कुलपानं नाकारलेल्या कानांची यादी उघडली. ही यादी पहिल्या दिवसापासून होती. ती उघडून बघायची गरज तिला कधी वाटली नव्हती. ॲप कानाची ओ बाहेर पाठवत नसे, फक्त गिऱ्हाइकाचा क्रमांक आणि हो किंवा नाही. तिनं क्रमांकवार लावून बघितलं आणि पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं. तीन क्रमांकांवर नाकारलेल्यांचा ढीग होता, प्रत्येकी वीस-वीस हजार. हे खरे चोर. एकच विकत घेतलेली प्रत हजारो परक्या कानांत घालून पाहिलेली. बाकी एक हजार नऊशे चौदा क्रमांकांवर मात्र दोन-दोन, चार-चार नोंदी. आधी कित्येक महिने हो, आणि मग एकाएकी नाही. आणि हे सगळे क्रमांक लहान होते, म्हणजे सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं. यादीत सगळ्यात वर होता क्रमांक एक. त्याच्याखाली चार. मग नऊ.

तिनं रेश्माला हाक मारली. रेश्मानं यादी बघितली आणि खाली मान घातली.

"कळलं ना काय झालंय?" रेश्मा म्हणाली. "ओ देणाऱ्या पेशी त्याच असतात, ज्या म्हातारपणी मरतात. कान कमी झाला की ओ कमी होते. फार कमी झाला की ओ बंदच. किल्लीच झिजून जाते."

"म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच आपण बाहेर काढलं."

"आणि चोर म्हणून काढलं." रेश्मा कुणाला टोचून बोलणारी नव्हती, पण हे तिनं म्हटलं.

दोघींनी फोन लावायला घेतले. बार्शीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दोनदा ॲप विकत घेतलं होतं. "माझंच काहीतरी चुकलं असंल म्हटलं," त्या म्हणाल्या. फोनवरचं बोलणं त्यांना सुनेनं मधे पडून सांगावं लागत होतं. कऱ्हाडचे एक गणिताचे मास्तर तीनदा घेऊन मोकळे झाले होते, आणि तिसऱ्यांदाही अडल्यावर त्यांनी इअरबड नातीला देऊन टाकलं. ते हसून बोलत होते. "आता शांत असतं," म्हणाले. चौदाव्या फोनानंतर अनुजानं विक्रीचा तक्ता काढला आणि नावं ताडून पाहिली. वर्षभरात वाढलेल्या विक्रीचा तिसरा हिस्सा याच माणसांचा होता. तीच माणसं, तेच कान, पुन्हा पुन्हा. ती ज्याला यश समजून पेढे वाटत होती ते हे होतं. तिला शरम वाटली, अगदी कुणी बघितलं तर काय अशी.

"कुलूप सैल करूया," रेश्मा दुपारी म्हणाली. "थोडं कमी जुळलं तरी उघडेल असं."

"थोडं कमी झालेल्याला चालेल. आप्पांचा डावा कान आता काहीच बोलत नसणार. त्याला काय करशील? गप्प कानाला आत घ्यायचं ठरवलं तर चोर कापसाचा बोळा घालतील आणि येतील."

"मग?"

"मग कुलूपच नको."

खाली कुणाचं तरी बाळ रडत होतं. "शुक्रवारी बेंगळुरूवाले सहीला येतायत," रेश्मा म्हणाली. "कुलूप काढलं तर ते येणार नाहीत. चोर येतील. कुलपाआधी होतो तिथंच परत येऊ आपण."

"येऊ."

"तुझं ठरलंय तर."

"तुझं?"

रेश्मानं डोक्यावरची ओढणी सारखी केली. "मी पहिल्या दिवशीच वर्षभर थांब म्हटलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा ऐकलं असतंस तर आज हा फोन-फोन खेळ खेळावा लागला नसता. काढ कुलूप. बेंगळुरूला मी कळवते, तू भांडशील त्यांच्याशी."

नवी आवृत्ती नऊ दिवसांत तयार झाली. ओ जुळली नाही तर ॲप आता अडवत नव्हतं. फक्त इअरबडमध्ये, हलक्या आवाजात म्हणायचं, 'जरा थांबा, कान पुन्हा मोजते,' आणि मोजून कामाला लागायचं. ते वाक्य रेकॉर्ड करताना अनुजानं रजई घेतली नाही. बाहेरच्या रिक्षांचा थोडा आवाज आलाय त्यात. तसाच ठेवला. एक हजार नऊशे चौदा जणांना दोघींनी फोन करायला घेतले, पुन्हा पुन्हा घेतलेल्यांचे जादा पैसे परत धाडले आणि प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं की चूक आमची होती. काहींनी शिव्या घातल्या. मास्तरांनी नातीकडून इअरबड परत मिळतंय का बघतो म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी मोफत महाराजांच्या चॅनेलवर नवं 'कानोसा' आलं. खाली आठशे जणांनी हात जोडले होते. रेश्मानं ते अनुजाला दाखवलं आणि म्हणाली, "चला, पाहुणे आले." अनुजानं अठरावी नोटीस लिहायला घेतली. तेही काम आहेच.

आप्पांना तिनं फोनवर सगळं सांगून पाहिलं. ते "बरंय, बरंय," म्हणत राहिले. नवं ॲप टाकून घेतलं नाही. कट्ट्यावरही गेले नाहीत. चूक घरात झाली नव्हती, तेव्हा ती घरात मिटणारही नव्हती, हे तिला उशिरा कळलं.

पुढच्या रविवारी ती घरी न जाता थेट कट्ट्यावर गेली. पाच वाजून गेले होते. गाळप संपलेलं, कारखाना गप्प. लिंबाखाली सात-आठ म्हातारे बसले होते. गेटवर सुरक्षावाले दोघं, समोर चहाच्या गाड्यावर पाच-सहा माणसं. ती सरळ जाऊन दगडी कट्ट्याच्या कडेला बसली. त्या कट्ट्यावर बाईमाणूस कधी बसलेलं नव्हतं.

"जमादारांची पोरगी न्हवं का तू?" खोत म्हणाले.

"होय. आप्पांची वाट बघत बसलेय."

"त्ये काय येत न्हाईत आता," शंकर लोहार म्हणाला, आणि दुसरीकडं बघायला लागला.

वसाहतीत बातमी पोचायला काय लागतं. जमादाराची लेक कट्ट्यावर जाऊन बसलीय म्हटल्यावर दहा मिनिटांत आप्पा गल्लीच्या तोंडाशी दिसले. पायात घरातल्या चपला, कानात इअरबड, तसेच आले होते. जवळ आले आणि उभे राहिले. "हितं काय करतीस? चल घरला."

अनुजा उठून उभी राहिली. "आप्पा, तुम्ही चोर नाही," ती म्हणाली. "ते ॲप माझं, आवाज माझा, चूक माझी. तुमचा कान तुमचाच होता."

आप्पांनी कानामागं हात धरला. "काय?"

ती थोडं वर चढवून म्हणाली, "तुम्ही चोर नाही आप्पा. चूक माझी होती."

"मोठ्यानं बोल की. कळंना झालंय."

मग तिनं छाती भरून घेतली आणि एवढ्या मोठ्यानं बोलली की गेटवरचे दोघं वळून बघायला लागले आणि गाड्यावरच्या चहावाल्याचा हात थांबला. "माझे वडील चोर नाहीत. मी त्यांना चार माणसांत चोर म्हटलं. माझं चुकलं." शेवटी आवाज चिरकला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

कुणी हसलं नाही. शंकर लोहार खाली बघत कट्ट्यावर थोडा सरकला, आणि त्याच्या नि खोतांच्या मधे एका माणसाची जागा झाली. आप्पा तिथं जाऊन बसले. बसताना धोतराचा सोगा नीट केला. मग अनुजाला हातानं खूण करून शेजारी बोलावलं.

ती बसली आणि त्यांच्या कानाशी वाकून तिनं विचारलं, "आता तरी ऐकू आलं का?"

"पयल्यांदाच आलं हुतं," आप्पा हळूच म्हणाले. "ह्यांचं कान जरा जड हाईत."